रायगडच्या किनाऱ्यापासून दुबई किती दूर ?

नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यांत, पनवेल तालुक्यांत आहे. आपल्याच बांधवांच्या भातखाचरांवर व खाजणांवर तो उभा राहिला असल्यामुळें किनारपट्टीवरील बागाइतदारांचें लक्ष त्याकडे लागावें, हें स्वाभाविक आहे. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन ह्या बाजूस आंब्याच्या हंगामांत आतां एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो : "दुबई जर विमानानें तीन तासांवर आहे, तर सकाळीं काढलेला आंबा संध्याकाळीं तेथें कां विकूं नये ?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांतील 'तीन तास' हा आकडा कशाचा आहे, हें न समजून घेतां कित्येक जण व्यापाऱ्याशीं बोलणें पक्कें करतात आणि वर्षभर जपलेलें पीक त्या एका आकड्याच्या भरंवशावर पाठवितात. म्हणून विमानमार्गाचें अंतर कसें मोजतात, तें कापण्यास किती वेळ लागतो व कां लागतो, आणि आंब्याच्या पेटीस प्रत्यक्ष किती वेळ लागतो, ह्याचा खुलासा ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंतर कसें मोजतात

रस्त्याचें अंतर मैलांच्या दगडांवरून कळतें. आकाशांत दगड नाहींत. दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून त्यांना जोडणारी सर्वांत आंखूड रेषा. एखाद्या कलिंगडावर दोन खुणा करून त्यांमध्यें दोरा ताणून धरला, तर तो दोरा जी वाट धरील तीच ही रेषा होय. भिंतीवरील नकाशा सपाट असल्यामुळें तेथें हीच रेषा पुष्कळदां वांकडी दिसते. चूक रेषेची नसून सपाट कागदाची असते.

हें अंतर काढण्याचा हिशेब घरीं करण्याजोगा आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुमारें १८.९९ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.०७ अंश पूर्व रेखांशावर आहे. दुबईचा जुना विमानतळ सुमारें २५.२५ अंश उत्तर अक्षांशावर व ५५.३६ अंश पूर्व रेखांशावर. म्हणजे दुबई आपल्यापासून ६.२६ अंश उत्तरेस व १७.७१ अंश पश्चिमेस आहे. उत्तर-दक्षिण दिशेनें एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. त्या हिशेबानें ६.२६ अंशांचे ६९५ किलोमीटर झाले. पूर्व-पश्चिम अंशाची लांबी मात्र सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्तावर ती १११ किलोमीटर असून ध्रुवांकडे जावें तसतशी ती कमी होत जाते. आपला व दुबईचा मध्यम अक्षांश २२ अंश धरिला, तर तेथें ती १०३ किलोमीटर भरते, म्हणून १७.७१ अंशांचे १,८२४ किलोमीटर झाले. आतां ह्या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण समजून त्याचा कर्ण काढावा. तो १,९५२ किलोमीटर येतो. पृथ्वीची गोलाई धरून केलेला अचूक हिशेब १,९५० किलोमीटर, म्हणजे सुमारें १,०५० सागरी मैल, असा आहे. साध्या रीतीनें एवढ्या लांब पल्ल्यांत दोनच किलोमीटरांची चूक पडली.

पल्ला वाढला म्हणजे ही चूकही वाढते. मुंबई ते लंडन हें अंतर ह्याच साध्या रीतीनें काढल्यास खऱ्या अंतरापेक्षां सुमारें साडेतीनशें किलोमीटर जास्त येतें, कारण तेथें पृथ्वीची गोलाई दुर्लक्षून चालत नाहीं. दुबईपुरती मात्र ही रीत कोणाही शेतकऱ्यास वापरतां येईल.

तुलनेसाठीं असें पाहावें कीं, मुंबईहून कोलकाता सुमारें १,६५० किलोमीटर आहे. म्हणजे ज्यास आपण परदेश म्हणतों तो बाजार आकाशमार्गानें कोलकात्याहून जेमतेम तीनशें किलोमीटर अधिक दूर आहे. आपल्या किनाऱ्याचें व त्या किनाऱ्याचें दळणवळणही नवें नव्हे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास होर्मुझकडून घोडा घेऊन आपल्या चौलास उतरला, तेव्हां त्याला समुद्रावर कित्येक आठवडे काढावे लागले. अंतर तेव्हां होतें तेवढेंच आजही आहे. बदलला तो वेळ.

उड्डाणाचा वेळ

विमान वर सांगितलेल्या रेषेवरून तंतोतंत जात नाहीं. वाऱ्याकडे तोंड करून तें धांवपट्टीवरून उठतें, मग वळून आपल्या मार्गास लागतें. अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या किनाऱ्यावरून तें दुबईकडे उतरतें, व उतरण्याच्या वेळीं गर्दी असली तर त्याला आकाशांत घिरट्या घालून वाट पाहावी लागते. ह्यामुळें प्रत्यक्ष कापलेलें अंतर नेहमीं थोडें अधिक भरतें. राज्यकारणाचाही परिणाम होतो. २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, तेव्हां दिल्लीकडून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांस मोठा वळसा पडला. मुंबई-दुबईचा सरळ मार्ग बहुतेक समुद्रावरून असल्यानें त्यास तसा वळसा पडण्याचें कारण नव्हतें. पण २३ जून २०२५ रोजीं कतार, कुवेत व बहरीन ह्या देशांनीं युद्धाच्या भीतीनें आपापलें आकाश कांहीं तास बंद केलें, तेव्हां साऱ्या आखाताचें वेळापत्रक विस्कटलें. नाशवंत माल पाठविणाऱ्यानें हा धोका मनांत धरूनच चालावें.

आतां वेगाचें पाहूं. मोठें प्रवासी विमान उंचावर हवेच्या मानानें ताशीं सुमारें ८४० किलोमीटर जातें. ह्या वेगानें १,९५० किलोमीटर जाण्यास २ तास १९ मिनिटें पुरावीं. वेळापत्रकांत मात्र मुंबईहून दुबईस साधारणपणें सव्वातीन तास दिलेले असतात. मधला जवळजवळ एक तास कोठें जातो ? विमानाचा वेळ तें आपली जागा सोडून हलतें तेथपासून धरितात व पलीकडे जागेवर थांबतें तेथें संपवितात. धांवपट्टीपर्यंत सरपटत जाणें, पाळीची वाट पाहणें, चढतांना व उतरतांना कमी वेगानें चालणें, वळसे घेणें व वाऱ्याशीं झगडणें, ह्या सर्वांस मिळून हा तास लागतो.

वाऱ्याची गोष्ट किनाऱ्यावरील माणसास समजावून सांगावयास नको. धरमतरच्या खाडींत ओहोटीच्या तोंडीं होडी वल्हविणें आणि ओहोटीबरोबर ती सोडून देणें, ह्यांत जो फरक, तोच आकाशांतही आहे. हिंवाळ्यांत व उन्हाळ्याच्या आरंभीं उत्तर भारत व अरबस्तान ह्यांवर दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा, हा वारा ताशीं ८० किलोमीटर आहे. दुबईकडे जातांना तो समोरून येतो. विमानाचा जमिनीवरील वेग ७६० होऊन वेळ २ तास ३४ मिनिटें होतो. परत येतांना तोच वारा पाठीवर येतो; वेग ९२० होऊन वेळ २ तास ७ मिनिटें होतो. म्हणजे जातां-येतां २७ मिनिटांचा फरक पडला. ह्यांत आणखी एक मौज अशी कीं, समोरच्या वाऱ्यानें १५ मिनिटें गेलीं, पण पाठच्या वाऱ्यानें १२ च मिळालीं; कारण संथ चालीनें जातांना वारा अधिक वेळ आडवा येतो. पावसाळ्यांत हे पश्चिमेचे वारे उत्तरेकडे सरकतात, आणि दक्षिण भारतावर पुष्कळ उंचीवर उलट पूर्वेकडून वारे वाहूं लागतात; तेव्हां जातां-येतांचा हा फरक कमी होतो. आपला आंबा मार्च ते मे ह्या महिन्यांत जातो. त्यांतही मार्चांत पाठविलेल्या मालास समोरचा वारा भेटण्याचा संभव अधिक.

घड्याळाचा फसवा आकडा

तिकिटावर किंवा मालाच्या कागदावर सुटण्याची व पोहोंचण्याची जी वेळ असते, ती त्या त्या गांवच्या घड्याळाची असते. दुबईचें घड्याळ आपल्यापेक्षां दीड तास मागें आहे. समजा, येथून विमान रात्रीं १० वाजतां सुटलें व त्याला सव्वातीन तास लागले. आपल्या घड्याळांत तेव्हां रात्रीचा सव्वा वाजला असेल, पण दुबईंत पावणेबाराच वाजले असतील. कागदावर पाहणारास वाटेल कीं पावणेदोन तासांतच विमान पोहोंचलें. उलट दुबईहून रात्रीं १० ला सुटलेलें व तीन तासांत येथें आलेलें विमान आपल्या घड्याळानें पहांटे अडीचला उतरतें. कागदावर साडेचार तास दिसतात. आंब्यास मात्र घड्याळ कळत नाहीं. त्याचें पिकणें दोन्हीं देशांत एकाच हिशेबानें चालूं असतें. म्हणून मालाचा वेळ मोजतांना आरंभापासून शेवटपर्यंत भारतीय वेळच धरावी, म्हणजे घोटाळा होणार नाहीं.

पेटीचा खरा प्रवास

येथवर विमानाचा वेळ झाला. शेतकऱ्याच्या कामाचा वेळ ह्याहून निराळा आहे. तो फळ देठासह झाडावरून झेल्यांत पडतें तेव्हां सुरू होतो, व पेटी दुबईच्या घाऊक बाजारांत उघडते तेव्हां संपतो. श्रीवर्धनच्या बाजूची एक बाग नमुन्यादाखल घेऊं. सोमवारीं सकाळीं साडेसहाला तोडणी सुरू झाली व बुधवारीं पहांटे पांचला, म्हणजे आपल्या साडेसहाला, पेटी बाजारांत उघडली असें समजूं. मधल्या वेळाची वांटणी साधारण अशी होईल :

तोडणी, चीक निथळणें, प्रतवारी व भरणी — साडेअकरा तास
पनवेल-वाशीच्या बाजूस गाडीनें वाहतूक — ५ तास
पॅकहाऊसमध्यें गार करणें, तपासणी, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र — १४ तास
तेथून विमानतळाच्या मालखान्यापर्यंत — २ तास
जकात, सुरक्षा-तपासणी, विमानांत चढविणें — ७ तास
उड्डाण — सव्वातीन तास
दुबईंत उतरविणें, जकात व बाजारापर्यंत — सव्वापांच तास

बेरीज बरोबर ४८ तास होते. प्रत्येक बागेचे व प्रत्येक निर्यातदाराचे आंकडे थोडेफार निराळे येतील. पण प्रमाण फारसें बदलणार नाहीं. रुपयाचे सोळा आणे धरले, तर आकाशांतील प्रवासाच्या वांट्यास जेमतेम एक आणा येतो. उरलेले पंधरा आणे जमिनीवर खर्च होतात. ह्या लेखांतील मुख्य गोष्ट ती हीच. विमानाचा वेग वाढविणें आपल्या हातीं नाहीं व त्यापासून फारसा लाभही नाहीं. पंधरा आण्यांतील पुष्कळसा भाग मात्र आपल्या हातीं आहे. अंगणांतील साडेअकरा तासांचे आठ केले, पॅकहाऊसमधील चौदांचे आठ केले व विमानतळावरील सातांचे पांच केले, तर साडेअकरा तास वांचतात. हा वेळ साडेतीन उड्डाणांइतका आहे.

तास व ऊन

तास सगळे सारखे नसतात, हेंही ध्यानांत घ्यावें. फळ झाडावरून काढलें तरी तें जिवंत असतें. तें श्वास घेतें, उष्णता सोडतें व आंतील सांठा खर्च करतें. साधारण नियम असा आहे कीं, तापमान दहा अंश सेल्सिअस वाढलें म्हणजे हा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. मे महिन्यांत दुपारीं ३३ अंशांवर पडून राहिलेली पेटी आणि १३ अंशांवर ठेवलेली पेटी ह्यांत वीस अंशांचें अंतर आहे. म्हणजे पहिलीचा एक तास दुसरीच्या निदान चार तासांइतका होय. दुपारीं तीन तास छपराविना उभी राहिलेली गाडी फळाचें आयुष्य अर्ध्या दिवसानें कमी करते. दुबईचें उड्डाण तीन तासांचें असो वा चार तासांचें, त्याचा फळावर एवढा परिणाम होत नाहीं.

म्हणून तोडणी सकाळीं ऊन तापण्यापूर्वीं किंवा दुपारीं चारनंतर करावी. काढलेलें फळ तापलेल्या जमिनीवर किंवा कातळावर ठेवूं नये. त्यानें चीक भाजून डाग पडतात, व साक्याच्या दृष्टीनेंही तें वाईट. दूरच्या बाजाराकरितां हापूस चौदा आणे तयार झालेला असावा, असें दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाचें सांगणें आहे. बारा आण्याचें फळ तग धरील, पण त्यास गोडी व रंग येणार नाहीं. पूर्ण सोळा आण्याचें फळ वाटेंतच मऊ पडेल. गार करण्यासही मर्यादा आहे. हापूस बारा-तेरा अंशांखालीं फार वेळ ठेवल्यास त्यास थंडी बाधते, साल काळवंडते व तो नीट पिकत नाहीं. शीतगृहवाल्यास हें स्पष्ट सांगावें; दुसऱ्या कोणत्या मालाबरोबर आपला आंबा शून्याच्या जवळ नेऊन ठेवल्यास दोष वाहतुकीचा नसतो, आपल्या गप्प बसण्याचा असतो.

जवळचा विमानतळ तोच सोयीचा काय ?

मुंबईचा सहार येथील विमानतळ दुबईपासून १,९२७ किलोमीटरांवर आहे, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळाहून तेवीस किलोमीटर जवळ. पण तेवीस किलोमीटर जाण्यास विमानास दोन मिनिटेंही लागत नाहींत. उलट रायगडच्या किनाऱ्यावरून सहारला जाणाऱ्या गाडीस पनवेल ओलांडून, खाडी पार करून, मुंबईच्या गर्दींत शिरावें लागतें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा हा सुमारें बावीस किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाल्यापासून वाट आंखूड झाली, तरी शहरांतील वाहनांची रांग राहिलीच. आकाशांत दोन मिनिटें देऊन जमिनीवर तासभर वांचत असेल, तर तो सौदा शेतकऱ्याच्या लाभाचा आहे. नकाशावर अधिक दूर असलेला विमानतळ मालाच्या हिशेबानें अधिक जवळचा ठरूं शकतो, तो असा.

पण घाई करूं नये. विमानतळ जवळ असून भागत नाहीं. तेथून त्या गांवाचें विमान त्या दिवशीं सुटतें काय, त्याच्या पोटांत मालास जागा आहे काय, मालखान्यांत थंड खोली आहे काय, जकातीचे व वनस्पती-तपासणीचे अधिकारी तेथें बसतात काय, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्याशिवाय गाडी वळवूं नये. ह्यांतील एकाचें उत्तर जरी 'नाहीं' असें आलें, तरी वांचलेला तास गमावून वर एक दिवस जाईल. नवी मुंबईचा विमानतळ पूर्ण बांधून झाल्यावर वर्षास साडेबत्तीस लाख टन माल हाताळील अशी योजना आहे. तो लाभ आपल्या पदरांत पडावयाचा तर आपली तयारीही तोंवर झाली पाहिजे.

दुबईकडील बाजूसही विमानतळ दोन आहेत. जुना, ३० सप्टेंबर १९६० रोजीं उघडलेला, शहरालगत आहे. दुसरा, अल मक्तूम नांवाचा, २०१० सालीं प्रथम मालवाहू विमानांसाठीं सुरू झाला व तो जेबेल अलीच्या बाजूस आहे. माल कोठें उतरणार, हें निर्यातदारास आधींच विचारून ठेवावें, कारण तेथूनही बाजारापर्यंत गाडीनेंच जावयाचें असतें.

भाडें कशावर ठरतें

विमानाचें भाडें केवळ वजनावर नसून माल किती जागा अडवितो त्यावरही असतें. रीत अशी कीं, पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६,००० नें भागावें. जो आकडा येईल तितके किलो 'आकारमानाचें वजन' होय. खरें वजन व हें वजन ह्यांत जें अधिक असेल, त्यावर भाडें आकारितात. ४० लांब, ३० रुंद व १५ उंच अशा पेटीचें आकारमानाचें वजन ३ किलो भरतें. तींत साडेतीन किलो आंबा नीट बसला तर ठीक. पण पेंढा जास्त घालून अडीच किलोच भरला, तर अर्ध्या किलोचें भाडें आपण वाऱ्यासाठीं दिलें असें होईल. पेटीस हवेसाठीं भोंकें असावींत व ती एकावर एक रचली असतां दबूं नये, हें तर आहेच.

लंडन, न्यूयॉर्क वा टोकियोस माल पाठवावयाचा असल्यास हिशेब आणखी बदलतो. फळमाशीच्या भीतीनें त्या देशांस प्रक्रिया केलेलेंच फळ लागतें : अमेरिकेस किरणांची, युरोपास उष्ण पाण्याची, जपानास उष्ण बाष्पाची. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघानें भारतीय आंबा बंदच केला होता व ती बंदी २०१५ च्या आरंभीं उठली, हें अनेकांस स्मरत असेल. ह्या प्रक्रियेंत आणखी तास जातात. आखातांतील बाजारांस ती लागत नाहीं. दुबई जवळची वाटते तिचें हें दुसरें कारण.

समुद्रमार्ग विसरूं नये

उरण तालुक्यांतील न्हावाशेवा बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. तेथून जेबेल अलीपर्यंत जहाजास तीन-चार दिवस लागतात, व दोन्हीं बंदरांतील मुक्काम धरून आठवडा किंवा अधिक. भाडें मात्र विमानाच्या मानानें फार थोडें. तेव्हां कोणता माल कोणत्या वाटेनें जावा, हें मालाच्या आयुष्यावरून ठरवावें. अलिबागचा पांढरा कांदा, ज्यास २०२२ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो नीट वाळविला असतां महिनोन्‌महिने टिकतो; श्रीवर्धनची सुपारी तर त्याहूनही टिकाऊ. अशा मालास विमानांत बसविणें म्हणजे उधळपट्टी होय. हापूसचेंही तसेंच. मार्चांतील पहिली पेटी, जिला भाव चांगला मिळतो, ती विमानाचें भाडें सोसते. मेअखेर बाजार भरला असतां तेंच भाडें नफा खाऊन टाकतें. तेव्हां १३ अंशांवर राखलेल्या कंटेनरांतून समुद्रमार्गें जाणें किंवा देशांतील बाजारच गांठणें अधिक शहाणपणाचें.

बागाइतदारांनीं काय करावें

पहिलें, माल ठरवितांना व्यापाऱ्यास "विमानास किती तास लागतात ?" असें न विचारतां "माझ्या बागेपासून तेथील बाजारापर्यंत एकंदर किती तास, व त्यांतील किती तास माल गार राहील ?" असें विचारावें. दुसरें, प्रत्येक पाठवणीची नोंद वहींत ठेवावी : तोडणीची वेळ, गाडी सुटल्याची वेळ, पॅकहाऊसला पोहोंचल्याची, विमान सुटल्याची व बाजारांत पेटी उघडल्याची. एका हंगामाच्या नोंदीवरून कोठला तास वायां जातो, हें आपोआप दिसेल. तिसरें, गाडी रात्रीं सोडावी व कागदपत्रांची तयारी तोडणीपूर्वीं करावी. प्रमाणपत्रासाठीं फळानें ताटकळत बसूं नये.

चौथी गोष्ट एकट्यानें होणारी नाहीं. दहा पेट्यांसाठीं कोणी शीतगृह बांधीत नाहीं, कीं विमानांत जागा राखून ठेवीत नाहीं. पण एका तालुक्यांतील पन्नास बागाइतदारांनीं मिळून आपल्याच भागांत प्रतवारीचें छप्पर व एक लहानशी गार खोली केली, एकाच दिवशीं तोडणी ठरविली व एकच गाडी भरून नेली, तर वर दाखविलेल्या पंधरा आण्यांतील चारसहा आणे सहज वांचतील. पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी देऊन ह्या विमानतळास जागा करून दिली. त्या धांवपट्टीवरून उडणाऱ्या विमानांत रायगडचा आंबा जावा कीं दुसऱ्या कोणाचा, हें दुबईच्या अंतरावर अवलंबून नाहीं. तें बागेपासून पनवेलपर्यंतच्या आपल्या तासांवर अवलंबून आहे. येत्या हंगामापूर्वीं ह्या तासांचा हिशेब प्रत्येक गांवीं बसून करावा, अशी आमची आमच्या वाचकांस विनंती आहे.